पॉवर सप्लायचा चौकोन रिकामा का असतो?

पीएच.डी.ची तयारी करताना तुम्ही कमी खर्चाच्या, हातात धरून नेता येणाऱ्या उपकरणांवरचे पेपर वाचत असाल. माती तपासणारं, पाणी तपासणारं, हवा तपासणारं, काहीही असो, पहिल्या दोन-तीन पानांत एक ब्लॉक डायग्राम हमखास असतो. सेन्सर, त्याच्या पुढे अ‍ॅम्प्लिफायर, मग एडीसी, मग मायक्रोकंट्रोलर, शेवटी डिस्प्ले. आणि खाली कोपऱ्यात एक चौकोन, ज्यात लिहिलेलं असतं ‘पॉवर सप्लाय’. त्यातून एक बाण वर जातो आणि विषय संपतो. मजकुरात त्याच्या वाट्याला एक वाक्य येतं : हे उपकरण ३.७ व्होल्टच्या रिचार्जेबल बॅटरीवर चालते.

आज मला या चौकोनावर टीका करायची आहे. एखाद्या विशिष्ट पेपरवर नाही, तर अशा पेपरांत आणि प्रकल्पांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या एका ठरलेल्या सर्किटवर, आणि ते न तपासता पुढे जाण्याच्या सवयीवर. माझं म्हणणं एका वाक्यात सांगते : बॅटरीवरच्या उपकरणात पॉवर सप्लाय हा मोजमापाचाच भाग असतो, म्हणून त्याची तपासणी न देता छापलेला अचूकतेचा आकडा अर्धवट आहे.

आधी सर्किट नीट बघू

ठरलेली मांडणी अशी. एक १८६५० आकाराचा लिथियम सेल. तो चार्ज करायला टीपी४०५६ या चिपचं तयार मॉड्यूल, जे इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात अगदी स्वस्तात मिळतं. त्यानंतर ३.३ व्होल्ट देणारा एएमएस१११७ रेग्युलेटर. त्यावर मायक्रोकंट्रोलर आणि सेन्सरचं सर्किट.

यातला प्रत्येक भाग एकेकटा ठीक आहे, हे आधी मान्य करू. टीपी४०५६ सेलला ४.२ व्होल्टपर्यंत नेतो आणि त्यात दीड टक्क्यापेक्षा जास्त फरक पडू देत नाही. सेल फार रिकामा असेल तर आधी हळू चार्ज करतो. मॉड्यूलवर डीडब्ल्यू०१ ही संरक्षण चिपही असते. इतक्या पैशात हे काम उत्तमच म्हणायचं. अडचण भागांमध्ये नाही, ते एकमेकांना कसे जोडलेत आणि जोडल्यावर काय तपासलं गेलं नाही, त्यात आहे.

आता हे उपकरण घेऊन आपण वाटूरला जाऊ. जालना जिल्ह्यात, परतूर तालुक्यात, जालना-मंठा रस्त्यावर हे गाव आहे. बस ‘वाटूर फाटा’ अशी हाक देते तेच. आजूबाजूला काळी जमीन, कापूस, सोयाबीन, मोसंबीच्या बागा. समजा आपलं उपकरण मातीचा पीएच मोजणारं आहे. एक भाग माती आणि अडीच भाग पाणी ढवळायचं, त्यात इलेक्ट्रोड बुडवायचा, आकडा वाचायचा.

या आकड्यावर पैसे अवलंबून असतात. २०१५ पासून सुरू असलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेच्या १२ घटकांमध्ये पीएच आणि ईसी, म्हणजे विद्युत वाहकता, आहेत. पीएच ८.५ च्या वर गेला की जमीन चोपण असल्याची शंका घेतली जाते, आणि पुढच्या तपासण्यांनंतर जिप्सम टाकायचा सल्ला येतो. ८.२ आणि ८.८ यांतला फरक शेतकऱ्यासाठी जिप्समच्या गोण्यांचा आणि गाडीभाड्याचा फरक असू शकतो.

पहिली हरकत : टेबलावर एक व्होल्टेज, शेतात दुसरं

एएमएस१११७ ला नीट काम करायला आउटपुटपेक्षा साधारण १ व्होल्ट जास्त इनपुट लागतं. म्हणजे ३.३ व्होल्ट हवे असतील तर मागे ४.३ व्होल्ट तरी हवेत. लिथियम सेल पूर्ण भरलेला असतानाही ४.२ च असतो! त्यामुळे या जोडणीत, सेलवर चालताना, ३.३ व्होल्ट कधीच मिळत नाहीत. सेल ४.० वर असेल तर आउटपुट सुमारे ३.० व्होल्ट, सेल ३.७ वर आला की सुमारे २.७.

पण प्रयोगशाळेत हे दिसत नाही. का? कारण टेबलावर बोर्ड यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडलेला असतो. तिथून ५ व्होल्ट येतात, रेग्युलेटर खूश, ३.३ अगदी बरोबर. कॅलिब्रेशन याच अवस्थेत होतं. पेपरमधला अचूकतेचा तक्ताही बहुतेक वेळा याच अवस्थेतला असतो.

आता गणित करू. एडीसी आलेल्या सिग्नलची तुलना संदर्भ व्होल्टेजशी करतो. अनेक प्रकल्पांत हा संदर्भ म्हणजे सरळ सप्लायच असतो. पीएच इलेक्ट्रोड २५ अंशांना एका पीएचला सुमारे ५९ मिलिव्होल्ट देतो. अ‍ॅम्प्लिफायरने ते ५ पट केले तर एका पीएचला २९६ मिलिव्होल्ट. पीएच ७ ला आउटपुट १.५ व्होल्ट आणि पीएच वाढला की आउटपुट वाढतं, असं धरू.

मातीचा खरा पीएच ८.२ आहे. आउटपुट झालं १.८५५ व्होल्ट. सप्लाय ३.३ वरून ३.० वर आलाय, पण प्रोग्रॅमला ते माहीत नाही. तो ३.३ धरूनच हिशोब करतो. त्याला हेच व्होल्टेज १.१ पट, म्हणजे २.०४ दिसतं. डिस्प्लेवर पीएच येतो ८.८.

शेतातली माती बदलली नाही, इलेक्ट्रोड बदलला नाही, फक्त केबल काढली. आणि आपण ८.५ ची रेषा ओलांडली.

इथे कोणी म्हणेल, १.५ व्होल्टचा मधला बिंदू आपण स्थिर धरलाय, तोही सप्लायमधूनच अर्धा करून घेतला तर? चांगला प्रश्न आहे. तसं केलं तर मधला बिंदू आणि संदर्भ एकत्र घसरतात आणि चूक बरीच कमी होते : ७ च्या वरचे १.२ पीएच तेवढे १.३२ होतात, आकडा येतो ८.३. पण बघा, हा केवढा मोठा फरक दोन रेझिस्टर कुठे जोडलेत यावर ठरतोय, आणि ब्लॉक डायग्राममध्ये ते कुठेच दिसत नाहीत. वाचकाने हे ओळखायचं कसं?

आता तो संरक्षण करणारा डीडब्ल्यू०१. तो सेल २.४ व्होल्टवर आला की लोड तोडतो. पेपरमध्ये यालाच ‘लो बॅटरी संरक्षण’ म्हणतात. पण हे संरक्षण सेलचं आहे, मोजमापाचं नाही. डिस्प्ले चालू आहे तोवर आकडे येत राहतात, आणि चालू असलेल्या डिस्प्लेवर माणूस विश्वास ठेवतो.

दुसरी हरकत : चार्ज होत असताना वापरणं

या मॉड्यूलमध्ये लोड आणि सेल एकाच जागी, समांतर जोडलेले असतात. चार्जरला कळत नाही की आपण देतोय तो करंट सेलमध्ये चाललाय की उपकरणात.

टीपी४०५६ चार्जिंग कधी थांबवतो? ठरवलेल्या करंटच्या एक दशांशावर. मॉड्यूलवर १.२ किलोओहमचा रेझिस्टर लावलेला येतो, म्हणजे ठरवलेला करंट १ अँपिअर आणि थांबायची खूण १०० मिलिअँपिअर. आपलं उपकरण डिस्प्ले आणि वायफाय मिळून १२० मिलिअँपिअर खात असेल, तर सेल पूर्ण भरल्यावरही चार्जरला १२० दिसत राहणार. तो थांबणारच नाही. सेल ४.२ व्होल्टवर तासन्‌तास टांगलेला राहतो आणि लवकर म्हातारा होतो. महिनोन्‌महिने एका जागी ठेवून नोंदी घेणाऱ्या उपकरणात ही गोष्ट किरकोळ नाही.

वाटूरसारख्या ठिकाणी यात विजेची भर पडते. शेतीच्या फीडरला थ्री फेज पाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. लाईट आली की ऑटो स्विच लावलेल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज दणकन खाली येतं, मग हळूहळू सावरतं. शेतातल्या खोलीत लावलेल्या चार्जरला हे दिवसातून अनेकदा सोसावं लागतं. प्रत्येक वेळी इनपुट गेलं आणि आलं की चार्जिंगचं चक्र नव्याने सुरू. ‘ग्रामीण भागासाठी उपयुक्त’ असा दावा करणाऱ्या पेपरने निदान एकदा तरी इनपुट बंद-चालू करून बघायला नको का?

आणि सेल छोटा असेल तर? ५०० मिलिअँपिअर-अवर क्षमतेच्या चपट्या सेलला १ अँपिअरने चार्ज करणं म्हणजे क्षमतेच्या दुप्पट वेगाने भरणं. सहसा अर्ध्या वेगाची शिफारस असते. उपाय एका रेझिस्टरचा आहे : १.२ च्या जागी ५ किलोओहम लावला की करंट साधारण २५० मिलिअँपिअरवर येतो. पण त्यासाठी डेटाशीटमधला तो तक्ता उघडून बघावा लागतो.

तिसरी हरकत : केबल म्हणजे नुसती वीज नाही, जमीनही

ही हरकत सगळ्यात कमी वेळा विचारली जाते. मोबाइलचा दोन पिनांचा चार्जर भिंतीत लावला की त्याच्या आउटपुटची ऋण बाजू जमिनीच्या पातळीवर नसते. आतल्या एका छोट्या कपॅसिटरमधून मेन्सचा अगदी थोडा करंट पलीकडे झिरपत असतो. म्हणूनच चार्जिंगला लावलेल्या धातूच्या लॅपटॉपवर हात फिरवला की कधी कधी झिणझिण्या येतात. अर्थिंग चांगलं असेल आणि अ‍ॅडाप्टर तीन पिनांचा असेल तर हा करंट मुकाट निघून जातो. पण जुन्या घरात आणि शेतातल्या खोलीत तिसऱ्या पिनेला मागे वायरच नसणं, हे तुम्ही पाहिलेलं असेल.

आता इलेक्ट्रोड बोअरच्या वाहत्या पाण्यात धरा. पाणी जमिनीशी जोडलेलं आहे. उपकरण चार्जिंगला आहे. झिरपणाऱ्या करंटला वाट मिळाली, आणि ती वाट आपल्या सेन्सरमधून जाते. काचेच्या पीएच इलेक्ट्रोडचा रोध १०० मेगाओहमच्या घरात असतो. त्यातून फक्त १ नॅनोअँपिअर गेला तरी १०० मिलिव्होल्ट तयार होतात. म्हणजे जवळजवळ १.७ पीएच!

हा करंट ५० हर्ट्‌झचा असतो, त्यामुळे २० मिलिसेकंदांच्या पटीत सरासरी घेतली तर त्याचा बराचसा भाग कटतो. पण प्रोग्रॅम कधीही दहा वाचनं घेऊन त्यांची सरासरी काढत असेल, किंवा अ‍ॅम्प्लिफायर आधीच टोकाला जाऊन अडकला असेल, तर सरासरी वाचवू शकत नाही. पेपरमध्ये ‘दहा वाचनांची सरासरी घेतली’ एवढंच लिहिलेलं असतं. ती किती वेळात, आणि केबल लावून की काढून, हे नसतं.

चौथी हरकत : उष्णता

टीपी४०५६ लिनियर चार्जर आहे. ५ व्होल्ट आणि सेलचं व्होल्टेज यांतला फरक तो उष्णतेत घालवतो. सेल ३.७ वर आणि करंट १ अँपिअर असेल तर १.३ वॉट. बंद प्लॅस्टिकच्या डब्यात हे थोडं नाही. पाण्याची ईसी दर अंशाला साधारण २ टक्क्यांनी वाढते, म्हणून आपण तापमान मोजून ती २५ अंशांवर आणतो. पण तापमानाचा सेन्सर पाण्यात न ठेवता त्याच डब्यात, चार्जरच्या शेजारी बसवला असेल आणि तो ५ अंश जास्त दाखवत असेल, तर ईसी सुमारे १० टक्के कमी दिसेल.

शिवाय लिथियम सेल साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, असं सांगितलं जातं. मे महिन्यात मराठवाड्यात सावलीतलं तापमानच ४० च्या पुढे जातं, मग पत्र्याच्या शेडमधल्या डब्याचं काय होत असेल? टीपी४०५६ ला सेलचं तापमान बघण्यासाठी एक वेगळी पिन आहे. नेहमीच्या मॉड्यूलवर ती सरळ ग्राउंडला जोडून टाकलेली असते. म्हणजे सोय आहे, पण बंद. हे मॉड्यूल वापरणाऱ्यांपैकी किती जणांनी ही पिन शोधली असेल?

हे असं का होतं?

आळस हे उत्तर सोपं आहे, पण मला ते पुरेसं वाटत नाही. मला तीन कारणं दिसतात.

एक, पॉवर सप्लाय हा ‘डिप्लोमाचा विषय’ समजला जातो. संशोधनात नावीन्य हवं, आणि नावीन्य सेन्सरमध्ये किंवा अल्गोरिदममध्ये शोधलं जातं. रेग्युलेटर बदलला, असं लिहिलं तर परीक्षक प्रभावित होत नाही.

दोन, उपकरण ज्या टेबलावर जन्माला येतं तिथे वीज फार चांगली असते. आपल्याकडच्या कॉलेजांच्या लॅबमध्ये ठाण्याच्या अ‍ॅपलॅबसारख्या कंपन्यांचे बेंच पॉवर सप्लाय असतात. ते व्होल्टेज घट्ट धरून ठेवतात. त्यांच्या जिवावर सर्किट घडतं आणि मग शेवटच्या आठवड्यात त्यांच्या जागी सेल येतो. तपासणी मात्र आधीची.

तीन, आपण कोणाकडे बघून शिकतो. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीचं उदाहरण घ्या. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातले अतिशय क्षीण रेडिओ सिग्नल पकडतात. आसपासच्या वीजवाहिन्यांवरच्या ठिणग्यांमुळे होणारा रेडिओ गोंधळ ही तिथली मोठी डोकेदुखी आहे, आणि तो चालू निरीक्षणातच ओळखून गाळण्याची व्यवस्था तिथल्या लोकांनी उभी केली. त्यांच्या दृष्टीने वीजपुरवठा हा निरीक्षणाचा भाग आहे. आपलं उपकरण छोटं आहे म्हणून हा नियम बदलत नाही.

‘पण हे स्वस्त उपकरण आहे ना?’

हा बचाव नेहमी येतो, आणि त्यात थोडं तथ्य आहे. स्वस्त उपकरणं बनवणाऱ्यांनी मोजमाप तालुक्याच्या कॉलेजापर्यंत नेलंय, ते काम मोलाचं आहे. पण वरच्या चार हरकतींपैकी कुठलीही दूर करायला मोठा खर्च लागत नाही. एएमएस१११७ च्या जागी एमसीपी१७०० सारखा कमी फरकावर चालणारा रेग्युलेटर लावला की सेल सुमारे ३.५ व्होल्टवर येईपर्यंत ३.३ टिकतात. एटमेगा३२८ सारख्या मायक्रोकंट्रोलरमध्ये १.१ व्होल्टचा संदर्भ आतच असतो. तो प्रत्येक चिपमध्ये थोडा वेगळा असतो, पण एकदा मोजून नोंदवला की सप्लाय किती आहे हे उपकरण स्वतःच तपासू शकतं, आणि तो घसरला की आकडा दाखवायला नकार देऊ शकतं. लोड आणि सेल वेगळे ठेवायला एक मॉस्फेट आणि एक शॉटकी डायोड पुरतो, किंवा एमसीपी७३८७१ सारखी त्याच कामासाठी केलेली चिप घेता येते. इथे पैशापेक्षा लक्ष कमी पडलंय.

प्रामाणिकपणाचं एक चांगलं उदाहरणही आपल्याकडे आहे. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ प्रवेगक केंद्रात तयार झालेलं एक्सपआइज. ते यूएसबीवर चालतं, तसं स्पष्ट सांगतं, आणि त्याचे आराखडे सगळ्यांसाठी खुले आहेत. बॅटरीवर चालण्याचा दावाच नाही, त्यामुळे वीज कुठून येते हे वापरणाऱ्याला पक्कं माहीत असतं. लॅपटॉप चार्जिंगला आहे की नाही, एवढं बघायचं काम मग आपलं.

तर पेपर वाचताना काय विचाराल?

पुढच्या वेळी असा पेपर हातात आला की हे प्रश्न समासात लिहा :

१. कॅलिब्रेशन केबल लावून झालं की सेलवर?
२. एडीसीचा संदर्भ काय आहे? सप्लायच असेल, तर सेल उतरल्यावर त्याचं काय होतं?
३. सेलच्या कुठल्या व्होल्टेजपर्यंत आकडे ग्राह्य आहेत? त्याखाली उपकरण काय करतं?
४. चार्जिंग चालू असताना वाचन घ्यायला परवानगी आहे का? असेल तर दोन्ही अवस्थांतली वाचनं दिलीत का?
५. चार्जिंग करंट सेलच्या क्षमतेला धरून ठरवलाय, की मॉड्यूलवर आला तसा ठेवलाय?

आणि स्वतःचा पेपर लिहाल तेव्हा एक आलेख नक्की द्या. आडव्या अक्षावर सेलचं व्होल्टेज, ४.२ पासून उपकरण बंद पडेपर्यंत. उभ्या अक्षावर एकाच बफर द्रावणाचं वाचन. त्यावर चार्जर लावून घेतलेले काही बिंदू वेगळ्या खुणेने. एका दिवसाचं काम आहे.

फक्त एक काळजी घ्या. हा आलेख पीएच ७ च्या बफरवर काढू नका. मधला बिंदू आणि संदर्भ एकत्र घसरत असतील तर ७ वर रेषा अगदी सरळ येईल आणि सगळं आलबेल दिसेल, कारण त्या एका जागी चूक शून्य होते. ४ चा आणि ९.१८ चा असे दोन बफर घ्या. वाटूरच्या काळ्या मातीचा आकडा ७ च्या वरच्या बाजूला पडणार आहे, म्हणून तपासणीही तिथेच व्हायला हवी.